पत ठरविणारी माणसे

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला 'पत' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. गादीवर आजोबांच्या शेजारी बसून तो व्यवहार पाहत असतो आणि पाहता पाहता त्याच्या लक्षात येते की, तिजोरीतील रोकड वेगळी आणि पेठेतील पत वेगळी. रोकड मालकाला स्वतः मोजता येते. पत मात्र त्याला मोजता येत नाही, कारण ती त्याच्या घरात नसतेच. ती दुसऱ्यांच्या मनात असते. आपली पत काय आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर ज्यांच्याशी आपला रोजचा संबंध येतो त्यांना विचारण्यावाचून गत्यंतर नसते. आणि विचारले की जे उत्तर मिळते, ते ऐकण्याचे धैर्य सर्वांजवळ असतेच असे नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत बार्शीच्या एका जुन्या भुसार पेढीच्या घरात या प्रश्नाने अनपेक्षितपणे प्रवेश केला. तो आला विलायतेहून, आणि आला तो व्यापाराच्या निमित्ताने नव्हे, तर वैद्यकीय शिक्षणाच्या निमित्ताने.

या घरातील थोरला मुलगा तीस वर्षांपूर्वी संगणकाच्या नोकरीसाठी इंग्लंडला गेला आणि लेस्टर शहरी स्थायिक झाला. त्याची मुलगी तेथेच जन्मली, तेथेच शिकली आणि डॉक्टर झाली. शाळेपासून ती पहिल्या दोन-तिघांत असे. वैद्यकीय महाविद्यालयातही तिने पारितोषिके मिळविली. बार्शीच्या वाड्यात तिच्या पदवीदान समारंभाचे छायाचित्र आजोबांच्या गादीच्या वर लावलेले आहे, आणि धान्य घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांपासून ते आयकर सल्लागारापर्यंत सर्वांना आजोबांनी ते दाखविले आहे.

इंग्लंडमध्ये पदवी मिळाली म्हणजे डॉक्टर लगेच स्वतंत्र होत नाही. तेथे 'फाउंडेशन प्रोग्रॅम' नावाचा दोन वर्षांचा प्रशिक्षणकाल असतो. पहिल्या वर्षी वैद्यक परिषदेची नोंदणी तात्पुरती असते. ते वर्ष समाधानकारक रीतीने पार पडले तरच पूर्ण नोंदणी मिळते. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी नवे डॉक्टर रुजू होतात आणि साधारणतः चार-चार महिने निरनिराळ्या विभागांत काम करतात. या काळात त्यांची परीक्षा लेखी प्रश्नपत्रिकेने होत नाही. वरिष्ठ डॉक्टर त्यांचे काम प्रत्यक्ष पाहतात, रुग्णांविषयी चर्चा करतात आणि त्याची नोंद होते. परंतु या सर्वांहून वेगळी अशी एक कसोटी असते, ती म्हणजे सहकाऱ्यांच्या अभिप्रायाची. तिला 'टीम असेसमेंट ऑफ बिहेवियर' म्हणतात. बोलताना सगळे तिचा उल्लेख 'टॅब' असाच करतात.

या कसोटीची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रथम प्रशिक्षणार्थी डॉक्टरने स्वतःविषयी तोच तक्ता भरावयाचा असतो. त्यानंतर आपल्याबरोबर काम करणाऱ्या माणसांची नावे त्याने द्यावयाची असतात. किमान दहा जणांचे अभिप्राय आले तरच तो निकाल ग्राह्य धरतात. त्यांत कन्सल्टंट असले पाहिजेत, अन्य वरिष्ठ डॉक्टर असले पाहिजेत, अनुभवी परिचारिका असल्या पाहिजेत, आणि फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माते, वॉर्डातील लिपिक, सचिव अशा मंडळींचाही समावेश हवा. म्हणजे एकाच दर्जाचे दहा मित्र गोळा करून काम भागत नाही. प्रश्न चारच आहेत. रुग्णांशी विश्वासाचे व आदराचे नाते ठेवतो का? बोलणे स्पष्ट व समंजस आहे का? सर्वांबरोबर मिळून काम करतो का? आणि चौथा प्रश्न उपलब्धतेचा, म्हणजे गरज पडली तेव्हा हा डॉक्टर सापडतो का, बोलावले तर येतो का? उत्तरेही तीनच: 'चिंता नाही', 'काही चिंता' आणि 'गंभीर चिंता'. चिंता नोंदविली तर तिचे कारण शब्दांत लिहावे लागते. कोणी काय लिहिले हे प्रशिक्षणार्थ्याला सांगितले जात नाही. सर्व उत्तरे एकत्र करून त्याच्या शैक्षणिक पर्यवेक्षकामार्फत त्याच्यासमोर ठेवली जातात आणि त्यावर दोघांची चर्चा होते.

येथे गुण नाहीत, क्रमांक नाही, टक्केवारी नाही. हुशारी मोजण्याचा हा प्रयत्नच नाही. हुशारीची परीक्षा पूर्वीच झालेली असते. ही वागणुकीची परीक्षा आहे, आणि परीक्षक ते आहेत ज्यांना कोणी कधी परीक्षक मानले नव्हते.

असे करण्याची गरज का भासली, यामागे एक दुःखद इतिहास आहे. ब्रिस्टल येथील रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयावर होणाऱ्या शस्त्रक्रियांविषयी प्राध्यापक इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर चौकशी झाली आणि २००१ च्या जुलै महिन्यात तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९८४ ते १९९५ हा कालखंड त्या चौकशीत तपासला गेला. १९९१ ते १९९५ या वर्षांत, त्या प्रकारच्या अन्य केंद्रांच्या मानाने, एक वर्षाखालील तीस ते पस्तीस बालके तेथे अधिक दगावली, असा निष्कर्ष निघाला. स्टीफन बोल्सिन नावाचे भूलतज्ज्ञ १९८८ साली तेथे रुजू झाले होते. शस्त्रक्रिया अधिक वेळ चालतात, मुले अधिक दगावतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आकडे गोळा केले, वरिष्ठांपुढे मांडले. त्यांचे म्हणणे वेळीच ऐकले गेले नाही. पुढे ते ऑस्ट्रेलियास निघून गेले. जे शेजारी उभे असतात त्यांना दिसत असते, पण त्यांना विचारण्याची रीत नसते, हा त्या प्रकरणाचा मोठा धडा होता.

अमेरिकेत याविषयीचा अभ्यास आधीच सुरू झाला होता. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सुमारे अकरा सहव्यावसायिकांचे मत घेतले तर डॉक्टरांविषयी बऱ्यापैकी भरवशाचे चित्र मिळू शकते. ब्रिटनमध्ये २०१२ च्या डिसेंबरपासून सर्वच डॉक्टरांना आपला व्यवसाय-परवाना दर पाच वर्षांनी नूतन करावा लागतो, आणि त्या पाच वर्षांत एकदा तरी सहकाऱ्यांचा व रुग्णांचा अभिप्राय सादर करावा लागतो. म्हणजे नवख्या डॉक्टरला जी कसोटी, तीच केस पांढरे झालेल्या कन्सल्टंटलाही चुकलेली नाही.

बार्शीच्या नातीने ऑक्टोबरमध्ये आपला तक्ता भरला. चारही प्रश्नांपुढे तिने स्वतःविषयी 'चिंता नाही' असे लिहिले, आणि ते लिहिताना तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. तिने पंधरा नावे दिली; तेरा जणांनी उत्तरे पाठविली. दहा जणांनी सर्वत्र 'चिंता नाही' म्हटले होते. दोघा वरिष्ठांनी तिच्या ज्ञानाची प्रशंसा केली होती. परंतु तिघांनी उपलब्धतेच्या प्रश्नापुढे 'काही चिंता' असे नोंदविले होते आणि त्यांपैकी दोघांनी बोलण्याविषयीही तेच लिहिले होते. कामात हुशार आहे, पण रात्री बोलावले की वैतागते, असा एकाचा आशय होता. तिला प्रश्न विचारला की आपणच मूर्ख आहोत असे वाटू लागते, असा दुसऱ्याचा. तिसरे वाक्य सर्वांत लहान होते: तिला फोन करण्यापूर्वी आम्ही दोनदा विचार करतो.

आयुष्यात जिला कोणी कधी नापास केले नव्हते, तिला त्या तीन वाक्यांनी रात्रभर झोप लागू दिली नाही.

लेस्टरच्या घरी खळबळ उडाली. आईचे म्हणणे, दिवसाचे बारा-बारा तास राबणाऱ्या मुलीला असे बोलणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. वडिलांचा संताप वेगळा होता. "तेरापैकी दहा जण चांगले म्हणतात, मग तिघांचे काय घेऊन बसायचे?" असे ते प्रथम म्हणाले, आणि नंतर त्यांच्या मनातले खरे शल्य बाहेर आले. हा कातडीच्या रंगाचा प्रश्न आहे, रीतसर तक्रार केली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

वडिलांची शंका अगदीच निराधार होती असे कोणी म्हणू नये. तीस वर्षे परक्या देशात काढलेल्या माणसाला काही गोष्टी अनुभवाने ठाऊक असतात. अभिप्रायाच्या या पद्धतीत उणिवा आहेत, आणि त्या तिच्या पुरस्कर्त्यांनीही मान्य केल्या आहेत. युरोपबाहेर पदवी घेतलेल्या डॉक्टरांना सहकाऱ्यांकडून काहीसे कमी गुण मिळतात, असे ब्रिटनमधील संशोधनातच दिसून आले आहे. निनावीपणाच्या आडून कोणी जुने उट्टे काढू शकतो. उलट बाजूनेही दोष आहे: नावे निवडण्याचे स्वातंत्र्य असल्याने आपल्याला गोड बोलणाऱ्यांचीच नावे देण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ लोक भिडेखातर सर्वत्र 'चिंता नाही' लिहून मोकळे होतात. तेव्हा असा अभिप्राय डोळे मिटून स्वीकारणे हेही शहाणपणाचे नाही.

मग तो वाचावा कसा? कर्ज देण्यापूर्वी बाजारात चौकशी करणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्याची रीत येथे उपयोगी पडते. एकाने वाईट म्हटले, तर ते त्या दोघांमधील भांडण असू शकते. परंतु निरनिराळ्या ठिकाणच्या तिघांनी, एकमेकांना न विचारता, एकाच बाबीकडे बोट दाखविले, तर ती बाब तपासलीच पाहिजे. शिवाय 'माणूस बरा नाही' असे मोघम म्हणणाऱ्याच्या मतापेक्षा, 'रात्री बोलावले की वैतागतो' असे नेमके सांगणाऱ्याच्या मताला अधिक वजन असते. नातीच्या तक्त्यातील तीनही वाक्ये नेमकी होती आणि तीनही एकाच दिशेला निर्देश करीत होती.

तिच्या पर्यवेक्षकांनी तिला एवढेच सांगितले होते की, हे कोणी लिहिले ते शोधू नका. आपण असे कधी वागलो ते आठवा. परंतु रागाच्या भरात माणूस पहिली गोष्ट आधी करतो.

दिवाळी पाडव्याच्या दिवशी तिने बार्शीला फोन केला. तेथे सकाळ होती. बार्शीत सायंकाळ व्हायची होती. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपण्याची घाई सुरू होती. अमावास्येला पहाटे मंदिरात निर्वाण लाडू झाला होता, सायंकाळी दुकानात वहीपूजन झाले होते, आणि नव्या वहीवर हळदीकुंकवाचे डाग अजून ताजे होते. नमस्कार-चमत्कार झाल्यावर आजोबांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय म्हणते तुझे हॉस्पिटल?" आणि तिला रडू कोसळले.

आजोबांनी सर्व ऐकून घेतले. ते मध्ये बोलले नाहीत. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, कोणी लिहिले ते मला जवळजवळ ठाऊक आहे. नावे मीच दिली होती ना! परिचारिका पाचच होत्या. त्यांतली एक माझ्याशी कधीच नीट बोलत नाही. तीच असणार."

"आणि ती नसली तर?" आजोबांनी विचारले.

नात गप्प झाली. मग ऐंशीच्या घरातील त्या गृहस्थांनी तिला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी आपल्या दोन्ही मुलांनाही आजवर सांगितली नव्हती.

बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन पाच-सहा वर्षे झाली असावीत. वडिलार्जित दुकान त्यांच्या हाती नुकतेच आले होते. हंगामात माल भरण्यासाठी भांडवल अपुरे पडे, म्हणून त्यांनी बँकेत कॅश क्रेडिटसाठी अर्ज केला. तेव्हाचे शाखाधिकारी मोठे शांत गृहस्थ होते. त्यांनी ताळेबंद पाहिला, गोदाम पाहिले, पेठेतील चार-पाच अडत्यांकडे चौकशी केली. सर्वांनी व्यवहार चोख असल्याचे सांगितले. त्यानंतर एके दिवशी दुपारी ते मार्केट यार्डातील चहाच्या टपरीवर जाऊन बसले आणि तेथे विसावलेल्या हमालांशी व तोलणाऱ्यांशी गप्पा मारू लागले.

मर्यादा मंजूर झाली, पण मागितलेल्या रकमेच्या निम्मीच. कारण विचारायला हे तरुण शेठ तावातावाने बँकेत गेले. शाखाधिकाऱ्यांनी त्यांना बसविले, पाणी दिले आणि म्हणाले, "व्यापारी सांगतात तुमचा व्यवहार चोख आहे, आणि ते खरेच आहे. पण हमाल सांगतात की, हमालीचे पैसे मिळतात खरे, मात्र तीन-तीन दिवस हेलपाटे घातल्यावर. शेठजी, बरोबरीच्या माणसाचे पैसे सगळेच वेळेवर देतात, कारण तिथे अब्रूचा प्रश्न असतो. खालच्या माणसाचे पैसे अडकतात तेव्हा दोनच कारणे संभवतात: एकतर हात आखडलेला असतो, नाहीतर मन आखडलेले असते. बँकेला दोन्हींची काळजी वाटते. वर्षभराने पुन्हा या."

हा सल्ला सोन्यासारखा होता. परंतु तरुण शेठना त्यात सल्ला दिसला नाही, चुगली दिसली. त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला, हे बँकेला सांगितले कोणी? एका हमालावर त्यांचा संशय गेला. तो स्पष्टवक्ता होता, आणि दोनच महिन्यांपूर्वी त्याने पैशांवरून दुकानात आवाज चढविला होता. पुरावा काही नव्हता. पण त्या हंगामात त्याला या दुकानाचे काम मिळाले नाही. हळूहळू शेजारच्या दोन दुकानांनीही त्याला बोलावणे सोडले, कारण मोठ्या पेढीने टाकलेला माणूस इतरांनाही नको असतो. त्या वर्षी तो बायकामुलांसह ऊसतोडीला निघून गेला.

दहा-बारा वर्षांनी ते शाखाधिकारी निवृत्तीनंतर एका लग्नासाठी बार्शीला आले होते. जुन्या गोष्टी निघाल्या. बोलता बोलता ते हसून म्हणाले, "त्या दिवशी टपरीवर सात-आठ जण होते. सगळे तुमच्याविषयी कुरकुर करीत होते. एकच जण तुमच्या बाजूने बोलला. म्हणाला, शेठ उशीर लावतात, पण एक पैसा कधी बुडवीत नाहीत, आणि माझ्या पोराच्या आजारपणात त्यांनी न मागता पैसे दिले होते. त्याच्या बोलण्यावरच मी निम्मी मर्यादा मंजूर केली, नाहीतर अर्ज परतच जाणार होता."

तो माणूस कोण, हे त्यांनी वर्णन केले. तो तोच होता.

"मी त्याला शोधायला माणूस पाठवला होता," आजोबा म्हणाले, "पण तोपर्यंत तो या जगात राहिला नव्हता. त्याच्या मुलाला आपल्या दुकानात कामावर घेतले. परवापर्यंत इथे होता तो म्हातारा दिवाणजी, तोच. त्याला मी हे कधी सांगितले नाही. सांगायचे धाडस झाले नाही. दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी सगळ्या गावाची क्षमा मागतो, पण ज्याची मागायची त्याची मागता आली नाही. बाळ, नाव शोधू नकोस. नाव शोधायला गेलीस की सांगितलेली गोष्ट बाजूला राहते, आणि शोधलेले नाव बहुतेक वेळा चुकीचे निघते."

बराच वेळ फोनवर कोणी बोलले नाही. आजींनी जेवणाची वेळ टळत असल्याची आठवण केली, पण आजोबा त्या दिवशी उशिरापर्यंत तसेच बसून राहिले, आणि मग जेवलेच नाहीत.

त्या रात्री नातीने नावांचा विचार सोडून दिला आणि पर्यवेक्षकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट केली. तिला सप्टेंबरमधील एक रात्र आठवली. त्या पाळीत अनेक वॉर्डांची जबाबदारी तिच्या एकटीवर होती आणि कमरेचा ब्लीप सारखा वाजत होता. रात्री एकच्या सुमारास एका वॉर्डातून सलाईन लिहून देण्यासाठी बोलावणे आले. ते काम संध्याकाळीच व्हायला हवे होते. ती गेली, तिने ते लिहिले, पण जाताना म्हणाली, "यासाठी मला बोलावण्यापूर्वी जरा विचार करीत जा." एवढेच. शब्द कठोर नव्हते, आवाजही मोठा नव्हता.

त्याच वॉर्डात पोटाची शस्त्रक्रिया झालेले एक वृद्ध गृहस्थ होते. तेथील रुग्णालयांत श्वासाची गती, प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, ताप, शुद्धी अशा नोंदींवरून प्रत्येक रुग्णाचा धोक्याचा अंक काढतात. तो पाच झाला की डॉक्टरांनी तातडीने पाहावे आणि सात झाला की आणीबाणी समजावी, असा दंडक आहे. पहाटे साडेतीनला त्या वृद्धांचा अंक पाच झाला. वॉर्डातून तिला फोन आला नाही. नोंदी पुन्हा घेण्यात आल्या, थोडी वाट पाहण्यात आली. सव्वाचारला तो सातवर गेला, तेव्हा थेट वरिष्ठ रजिस्ट्रारला बोलावण्यात आले. उपचार झाले आणि ते गृहस्थ वाचले. दुसऱ्या दिवशी 'मला का बोलावले नाही?' असा प्रश्न तिने रागाने विचारला होता. कोणी उत्तर दिले नव्हते.

ते उत्तर तिला आता, सहा आठवड्यांनी, मिळाले होते. तिला फोन करण्यापूर्वी आम्ही दोनदा विचार करतो. 'जरा विचार करीत जा' असे तिनेच सांगितले होते, आणि त्यांनी तसा तो केला होता. त्या पाऊण तासाची किंमत एका वृद्धाला द्यावी लागली असती. दहा जणांच्या प्रशंसेने तो पाऊण तास भरून निघाला नसता.

उपलब्धता हा प्रश्न त्या तक्त्यात का आहे, हे तिला त्या रात्री उमगले. डॉक्टर रुग्णालयात हजर असणे म्हणजे उपलब्ध असणे नव्हे. ज्याला बोलाविण्याची भीती वाटत नाही, तो उपलब्ध. पुस्तकी परीक्षेत ही गोष्ट मोजता येत नाही आणि वरिष्ठांनाही ती दिसत नाही, कारण वरिष्ठांशी सगळेच अदबीने बोलतात. ती दिसते फक्त त्यांना, ज्यांच्याशी अदबीने बोलण्याची सक्ती नसते.

तक्रार झाली नाही. वडिलांना हे पटायला वेळ लागला. पण मुलीनेच त्या रात्रीची हकिकत सांगितल्यावर ते निरुत्तर झाले. पर्यवेक्षकांनाही तिने ती सांगितली, आणि ती सांगणे तक्त्यापेक्षा अवघड गेले. पुढे रात्रपाळी सुरू झाली की ती प्रथम प्रत्येक वॉर्डात स्वतः जाऊ लागली. आपले नाव व ब्लीपचा क्रमांक सांगे, राहिलेली कामे त्याच वेळी उरकून टाकी, कोणत्या रुग्णाची काळजी वाटते ते विचारी, आणि निघताना म्हणे, "नुसती शंका आली तरी बोलवा." यामुळे मध्यरात्रीची किरकोळ बोलावणी उलट कमीच झाली, हा तिला मिळालेला अनपेक्षित लाभ.

चिंता नोंदविली गेली असेल तर पुढच्या विभागात ही कसोटी पुन्हा घेतात. वसंतात तिचा दुसरा तक्ता आला. या वेळी स्वतःविषयी लिहिताना तिने उपलब्धतेपुढे 'काही चिंता' अशी खूण केली होती. सहकाऱ्यांपैकी मात्र एकानेच तशी खूण केली होती. घाईत असली की तिचे बोलणे अजूनही तुटक होते, असे त्याने लिहिले होते. तिने ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतले. ऑगस्टमध्ये तिला पूर्ण नोंदणी मिळाली.

आपल्या देशातही वैद्यकीय शिक्षणात या दिशेने पावले पडली आहेत. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांना प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. आता आपल्या घराघरांतील मुले-मुली डॉक्टर होत आहेत. त्यांच्या मार्कांची चौकशी आपण अगत्याने करतो. त्यांच्या वॉर्डातील परिचारिका आणि आया त्यांच्याविषयी काय म्हणतात, याची चौकशी कोण करतो?

आणि डॉक्टरांपुरतेच हे कशाला मानावे? आपल्या पेढ्यांवर आता तिसरी-चौथी पिढी बसू लागली आहे. ही मुले शिकलेली आहेत, संगणकावर हिशेब ठेवतात, परदेशी मालाचे भाव त्यांना तोंडपाठ असतात. पण मालकाच्या मुलाला त्याचे चुकते कुठे हे सांगणार कोण? वडील सांगतात ते टोचते, बरोबरीचे व्यापारी सांगत नाहीत, आणि दिवाणजी, हमाल, ड्रायव्हर यांना कोणी विचारीत नाही. वर्षअखेरीस ताळेबंद निघतो, त्यात येणे-देणे सगळे असते. पण किती माणसे आपल्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी दोनदा विचार करतात, याचा आकडा त्यात कोठेच नसतो.

बार्शीच्या त्या आजोबांनी गेल्या दिवाळीत, वहीपूजनानंतर, दुकान सांभाळणाऱ्या धाकट्या मुलाला एक कोरा कागद दिला. त्यावर दहा नावे लिहायची होती: दोन अडते, दोन शेतकरी, दोन हमाल, एक तोलणार, एक ट्रकचालक, एक दुकानातील नोकर आणि बँकेतील एक कारकून. विचारायला मुलाने स्वतः जायचे नव्हते. घरातील एका विश्वासू नातेवाइकाने जायचे होते, आणि कोणी काय सांगितले ते न सांगता केवळ आशय कळवायचा होता. मुलाने थोडी कुरकुर केली, पण कागद घेतला.

आजोबांनी त्याला एकच अट घातली. उत्तरे आल्यावर, हे कोणी सांगितले, असे विचारायचे नाही.